कोळ्याच्या डोळ्याला डोळा भिडवताना

धर्माबाद हे नांदेड जिल्ह्यातले, तेलंगणाच्या सीमेला टेकलेले तालुक्याचे गाव. मिरचीच्या बाजारासाठी ते दूरवर माहीत आहे. हंगामात स्टेशनवर उतरल्यापासूनच हवेतला तिखटपणा नाकाला जाणवतो. गावात मराठीच्या बरोबरीने तेलुगूही कानावर पडत असते. तिथल्या एका शाळेत शिक्षकांसाठी ‘परिसरातील सजीव’ या विषयावर एक दिवसाचे शिबिर घ्यायला आम्ही गेलो होतो. सोबत एक जुना डिजिटल कॅमेरा, त्याला उलटी बसवलेली ५० मिलीमीटरची लेन्स आणि छोटा फ्लॅश एवढेच साहित्य होते.

शाळेच्या आवारात जास्वंदीचे झाड होते. त्याच्या एका पानावर सेंटीमीटरभर लांबीचा, फिकट पिवळसर रंगाचा कोळी बसला होता. उदरावर दोन तांबड्या रेघा होत्या, डोळ्यांभोवतीही तांबडी झाक होती. ही उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुलातली टेलामोनिया डायमिडिआटा या जातीची मादी. भारतात बागांमधून ती बऱ्याच ठिकाणी आढळते. आम्ही फोटो घेऊ लागलो तशी मुले भोवती जमली. सातवीतली एक मुलगी अगदी जवळ वाकून पाहत होती. ती एकदम म्हणाली, “सर, ते आपल्याकडंच बघायलंय!” आणि क्षणभराने, “आता नाही बघायलं.”

आम्ही हसलो. कोळी जागचा हलला नव्हता, त्याचा एक पायही हलला नव्हता. मग तो बघतो की नाही हे हिला कसे कळले? दुपारी शिक्षकांना फोटो दाखवताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. काही सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंपैकी एकात कोळ्याचे समोरचे दोन मोठे डोळे कोळशासारखे काळे होते, तर दुसऱ्यात तेच डोळे मधाच्या रंगाचे दिसत होते. कोणीतरी कारण विचारले. आम्ही वेळ न दवडता उत्तर दिले, “फ्लॅशच्या प्रकाशाचा खेळ आहे.”

विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना हे पटले नाही. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायला सांगितले. डोळ्यावर फ्लॅशचे प्रतिबिंब म्हणून दिसणारा पांढरा ठिपका दोन्ही फोटोंत अगदी एकाच जागी होता. “सर, प्रकाश तर तिथंच आहे. मग खेळ कुणी केला?” त्यांनी विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमचे संशोधन निराळ्या विषयातले. वाचून कळवतो, असे सांगून आम्ही वेळ मारून नेली.

वाचायला लागल्यावर ध्यानात आले, की या साध्या प्रश्नाच्या उत्तरामागे तीनशे वर्षांचा इतिहास आहे. धर्माबादला द्यायचे राहिलेले उत्तर म्हणून तो इथे मांडत आहोत.

नावाने घातलेला पडदा

सुरुवात नावापासूनच करू. मराठीत कोळी म्हणजे मासे धरणारा आणि कोळी म्हणजे हा आठ पायांचा प्राणीही. जाळे टाकून बसतो म्हणून कोळी. धर्माबादच्या मुलांनी आम्हांला तेलुगू शब्द सांगितला: सालेपुरुगु. साले म्हणजे विणकर, पुरुगु म्हणजे किडा. तेव्हा विणतो म्हणून विणकर-किडा. दोन्ही भाषांनी या प्राण्याला जाळ्यावरूनच ओळखले. त्यात नवल नाही, कारण घरात आपल्याला दिसतात ती कोळिष्टके आणि दिवाळीच्या आधी आपण झाडतो ती जळमटे.

पण जास्वंदीवरचा तो कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. भिंतीवर झटके देत चालणारा, मध्येच थांबून वळून बघणारा आणि माशीवर झेप घालणारा करड्या रंगाचा छोटा कोळी प्रत्येक घरात असतो, तोही नाही. ही मंडळी धागा काढतात, पण तो झेप घेताना दोरासारखा मागे सोडण्यासाठी आणि राहायला व अंडी घालायला छोटी पिशवी विणण्यासाठी. जाळ्यात बसणाऱ्या कोळ्याला धाग्याचा कंप पुरतो. सावज अडकले हे त्याला पायांना कळते, त्यामुळे त्यांपैकी पुष्कळांची नजर बेताचीच असते. झेप घालून शिकार करणाऱ्याला मात्र सावज दुरून दिसावे लागते, ओळखता यावे लागते आणि त्याचे अंतरही कळावे लागते. कोळ्यांच्या डोळ्यांचा इतिहास हा मुख्यतः या जाळे न विणणाऱ्या कोळ्यांचा इतिहास आहे. साल्टिसिडी असे त्यांच्या कुलाचे शास्त्रीय नाव. आज या कुलात सहा हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. कोळ्यांचे याहून मोठे कुल नाही.

रोमच्या कठड्यावरचा शिकारी

१६६५ साली रॉबर्ट हूक यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. बुचाच्या कापातले कप्पे पाहून ‘सेल’ हा शब्द त्यांनी त्यातच वापरला, म्हणून आपल्याला तो माहीत असतो. त्याच ग्रंथात शिकारी कोळ्यावर एक प्रकरण आहे. त्यातला मोठा भाग हूक यांचा नाही. त्यांचे स्नेही जॉन एव्हलिन यांनी तरुणपणी इटलीच्या प्रवासात पाहिलेल्या गोष्टींचे ते वर्णन आहे. माशी दूर बसलेली दिसली की हा कोळी सरळ तिच्यावर चालून जात नाही. कठड्याच्या खालच्या बाजूने, आडोशाने तो सरकत जातो, मध्येच डोके वर काढून अंदाज घेतो, माशी हलली तर स्वतःही दिशा बदलतो आणि टप्प्यात आल्यावरच झेप घालतो. भिंगाची मदत न घेता केलेले हे निरीक्षण आजही अचूक वाटते.

एव्हलिन यांनी आणखीही एक गोष्ट लिहिली. मोठे कोळी पिल्लांना शिकार शिकवतात आणि चुकल्यास त्यांना शिक्षाही करतात, असे त्यांना वाटले होते. शिक्षकांना ही कल्पना गमतीची वाटेल, पण पुढच्या निरीक्षणांत तिला आधार मिळाला नाही. त्याच माणसाने, त्याच कठड्यापाशी, एक गोष्ट नीट पाहिली आणि दुसरी मनाने भरली. निरीक्षण करणाऱ्या प्रत्येकाला ही जोखीम असते. आम्हीही ‘प्रकाशाचा खेळ’ असाच मनाने भरला होता.

बाटलीतले डोळे

पुढची दोनशे वर्षे कोळ्यांच्या डोळ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष होते, पण ते वेगळ्या कारणाने. डोळे किती आहेत, किती ओळींत आहेत, कोणते मोठे, कोणते लहान, यावरून कोळ्याचे कुल ओळखता येते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, काहींना सहा, आणि गुहेत राहणाऱ्या काही जातींना एकही नसतो. तेव्हा ‘कोळ्याला आठ डोळे असतात’ हे वर्गात सांगताना ‘बहुतेक’ हा शब्द जोडायला हरकत नाही.

भारतातल्या कोळ्यांचा अभ्यासही याच वाटेने झाला. फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८६९ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या कोळ्यांवर लिहिले. १९०० साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत आर. आय. पोकॉक यांचा खंड निघाला. त्यासाठीचे नमुने इथून बाटल्यांतून लंडनला गेले होते. स्वातंत्र्यानंतर हे काम आपल्याकडे नेटाने पुढे नेले ते भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील बी. के. टिकादर यांनी. ते बरीच वर्षे संस्थेच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्रात होते. महाराष्ट्रातल्या कितीतरी कोळ्यांची पहिली शास्त्रीय वर्णने त्यांच्या हातची आहेत. १९८७ साली निघालेले त्यांचे भारतीय कोळ्यांवरील हस्तपुस्तक अनेकांच्या पिशवीत असे. त्यात डोळ्यांच्या मांडणीच्या आकृत्या होत्या. त्या पाहून नवशिक्यालाही कोळ्याचे कुल शोधता येई.

या कामाचे मोल मोठे आहे. नाव ठरल्याशिवाय पुढचे काहीच बोलता येत नाही. पण अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या कोळ्याचे रंग जातात, डोळे निस्तेज होतात. बाटलीतले डोळे मोजता येतात, पण ते काय बघत होते हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यासाठी जिवंत कोळ्यासमोर बसावे लागते.

हायस्कुलातले शिक्षक

जिवंत कोळ्यासमोर चिकाटीने बसलेल्या पहिल्या अभ्यासकांत एक शिक्षक होते, हे या मासिकाच्या वाचकांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. जॉर्ज पेकहॅम अमेरिकेत मिलवॉकी येथील हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ पेकहॅम या अभ्यासात त्यांच्या बरोबरीच्या भागीदार होत्या. १८८९ आणि १८९० साली या दोघांनी उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या प्रणयनृत्यांची वर्णने प्रसिद्ध केली. नर मादीसमोर पुढचे पाय उंच करतो, एका बाजूला झुकतो, अर्धवर्तुळात फिरतो. त्याच्या अंगावरचे रंगीत भाग नेमके मादीला दिसतील अशा बेताने हे सगळे चालते. मादी जोडीदार निवडते हे डार्विन यांचे म्हणणे त्या काळी वादात होते. पेकहॅम दांपत्याला आपल्या निरीक्षणांतून त्याला पाठबळ मिळाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा, की मादीला हे सारे दिसत नसेल तर या नाचाला अर्थच उरत नाही. १८९४ साली त्यांनी कोळ्यांच्या दृष्टीवरच स्वतंत्र लेख लिहिला.

आता प्रश्न पुढे सरकला. कोळ्याला दिसते हे ठरले, पण कोणत्या डोळ्याने काय दिसते? जर्मनीत हाइनरिश होमान यांनी १९२८ साली याचा पद्धतशीर शोध घेतला. युक्ती सोपी होती. एकेक डोळा तात्पुरता झाकायचा आणि कोळी काय करतो ते पाहायचे. बाजूचे डोळे झाकले तर कडेने काही हलले तरी कोळी तिकडे वळत नाही. समोरचे मधले दोन मोठे डोळे झाकले तर तो वळतो, पण वळल्यावर समोर सावज आहे की जोडीदार हे त्याला उमगत नाही. म्हणजे डोळ्यांत कामाची वाटणी होती. बाजूचे डोळे चाहूल घेतात आणि मधले दोन ओळख पटवतात.

१९५२ साली ऑस्कर ड्रेस यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांनी कोळ्यांना कागदावर काढलेल्या आकृत्या दाखवल्या. काही आकृत्यांवर कोळ्यांनी सावज समजून झेप घेतली. पण आकृतीला दोन्ही बाजूंनी तिरक्या रेघांचे पाय काढले, की नर तिच्यासमोर नाचू लागे. पाय दिसले म्हणजे समोर कोळी आहे, असा त्याचा हिशेब. कागद आणि पेन्सिल एवढ्या साहित्यावर कोळ्याच्या मनातली खूण सापडली.

डोळ्याच्या आत

धर्माबादच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून आलेले नाही. ते १९६९ साली आले. मायकेल लँड हे इंग्रज शास्त्रज्ञ तेव्हा कॅलिफोर्नियात होते. डोळ्यांचे डॉक्टर रुग्णाचे दृष्टिपटल तपासायला ऑफ्थॅल्मोस्कोप वापरतात, हे आपण पाहिलेले असते. लँड यांनी तेच उपकरण कोळ्यासाठी बदलून घेतले. कोळ्याला जागेवर धरून त्याच्या डोळ्यासमोर चित्र ठेवायचे आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्याच्या आत डोकावायचे. आजवर सगळे कोळ्याकडे बाहेरून बघत होते. आता त्याचा डोळा आतून काय करतो, हे तो बघत असतानाच दिसू लागले.

समोरच्या मोठ्या डोळ्याचे भिंग कोळ्याच्या कवचाचाच भाग आहे. ते पक्के बसवलेले असते. आपण बुबुळ फिरवतो तसे त्याला ते फिरवता येत नाही. या भिंगामागे एक लांबट नळी शिरोवक्षात खोल गेलेली असते आणि नळीच्या टोकाला दृष्टिपटल असते. नळीला सहा स्नायू असतात. माणसाचे बुबुळ फिरवणारे स्नायूही सहाच. या स्नायूंनी कोळी भिंग जागेवर ठेवून मागची नळी डावी-उजवी, वर-खाली हलवतो आणि थोडीशी पिळतोही. फिल्मच्या कॅमेऱ्याची उपमा द्यायची तर लेन्स भिंतीत पक्की बसवली आहे आणि मागची फिल्म तेवढी सरकते आहे.

हा खटाटोप कशासाठी? दृष्टिपटल फार अरुंद आहे म्हणून. उभ्या दिशेने त्याला सुमारे २० अंशांचा पट्टा दिसतो, पण मध्यभागी त्याची रुंदी जेमतेम एका अंशाच्या आसपास असते. बारीक तपशील दिसायचा तर प्रतिमा मोठी पडायला हवी. त्यासाठी नळी लांब हवी. सगळ्या दिशांना इतके बारीक दिसायचे तर डोळा एवढा मोठा करावा लागेल, की तो कोळ्याच्या डोक्यात मावणार नाही. म्हणून निसर्गात ही तडजोड झाली आहे. एका वेळी फटीएवढेच दिसेल, पण स्वच्छ दिसेल, आणि ही फट हवी तिकडे फिरवता येईल. बंद दाराच्या फटीतून मिरवणूक पाहताना आपण डोके इकडून तिकडे हलवतो आणि मनात सगळे चित्र जुळवतो, तसेच हे. नवी वस्तू समोर आली की कोळ्याचे दृष्टिपटल तिच्यावरून साधारण सेकंदा-दोन सेकंदांत एक या गतीने आडवे फिरते आणि त्याच वेळी त्याहून सावकाश पिळही घेते. कदाचित ड्रेस यांच्या आकृतीतले तिरके पाय अशाच फिरत्या नजरेने हेरले जात असतील.

आता ते दोन फोटो पुन्हा पाहू. नळी थेट आपल्या रोखाने असते तेव्हा भिंगातून आपल्याला तिच्या तळाचे गडद दृष्टिपटल दिसते आणि डोळा काळा दिसतो. नळी बाजूला वळते तेव्हा त्याच भिंगातून तिची फिकट बाजू दिसते आणि डोळा मधाच्या रंगाचा होतो. टेलामोनियाच्या मादीसारख्या फिकट कोळ्यांत हा फरक अधिकच ठळक असतो. फ्लॅशचे प्रतिबिंब भिंगाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पडते. भिंग हलतच नाही, त्यामुळे तो पांढरा ठिपका जागच्या जागी राहतो. बाईंनी बोट ठेवलेला तो ठिपकाच खरा पुरावा होता.

आणि ती मुलगी? डोळा काळा झाला तेव्हा ती म्हणाली, “आपल्याकडं बघायलंय.” मधाळ झाला तेव्हा म्हणाली, “आता नाही.” तिला नळी, स्नायू, दृष्टिपटल यांतले काही माहीत नव्हते. तिने जे पाहिले ते मात्र बरोबर होते, आणि त्यावर आम्ही हसलो होतो.

अस्पष्टतेचा उपयोग

लँड यांच्यानंतर शोध थांबले नाहीत. पोर्शिया या प्रजातीतले कोळी इतर कोळ्यांचीच शिकार करतात. त्यांच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या अगदी पुढे एक छोटा खळगा असतो आणि तो प्रतिमा आणखी मोठी करतो, असे १९८० साली दिसून आले. छायाचित्रकार दूरचे टिपायला टेलिफोटो लेन्स लावतात, तिचेच हे तत्त्व. या कोळ्याला सुमारे ०.०४ अंशाचा तपशील वेगळा दिसतो, म्हणजे एक मीटर अंतरावर पाऊण मिलीमीटरहूनही थोडे कमी. माणसाची नजर याच्या पाच-सहा पट तीक्ष्ण आहे. पण आपला एक डोळाच या अख्ख्या कोळ्याहून मोठा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कोळ्याची कमाल कळते.

छायाचित्रकारांना विशेष भावेल असा शोध जपानमध्ये ओसाका येथील संशोधकांनी २०१२ साली मांडला. कोळ्याचा फोटो जवळून घेताना सगळ्यांत मोठी अडचण असते ती स्पष्टतेच्या खोलीची. प्रतिमा प्रत्यक्षाएवढी घ्यायची आणि लेन्सचे छिद्र एफ ८ ठेवायचे, तर पुढे-मागे मिळून मिलीमीटरभर भागच स्पष्ट येतो. समोरचे डोळे साधावेत तर मागचे डोळे धूसर होतात. श्वास घेतला तरी सगळेच हुकते. आपल्या दृष्टीने अस्पष्टता ही शत्रू.

कोळी मात्र तिचाच उपयोग करून घेतो. त्याच्या मुख्य डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाशसंवेदी पेशींचे एकामागे एक असे चार थर असतात. सगळ्यांत आतल्या थरावर हिरव्या प्रकाशाची प्रतिमा स्पष्ट पडते. त्याच्या पुढचा थरही हिरवा प्रकाशच टिपतो, पण तो नेमक्या अंतरावर नसल्याने त्यावरची प्रतिमा नेहमी धूसर असते. वस्तू जितकी जवळ तितकी ही धूसरता अधिक. दोन थरांतल्या प्रतिमांची तुलना करून कोळी अंतर ठरवतो. हे पडताळायला संशोधकांनी हसारिअस अॅडान्सोनी या कोळ्यांना निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात माशीवर झेप घ्यायला लावले. हिरव्या प्रकाशात झेप बरोबर पडली. तांबड्या प्रकाशात ती अलीकडेच पडली, कारण तांबडा प्रकाश भिंगातून वेगळ्या अंतरावर एकवटतो आणि कोळ्याचा हिशेब चुकतो. हा कोळी उष्ण प्रदेशांत सगळीकडे, घरांच्या आसपास राहतो. आपल्याकडेही तो आहे.

२०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बाजूच्या डोळ्यांवर काम केले. हे डोळे मुख्य डोळ्यांच्या दृष्टिपटलाला कुठे रोखायचे ते सांगतात आणि ते झाकले तर मुख्य डोळ्यांना हलत्या वस्तूचा माग ठेवता येत नाही, असे त्यांना आढळले. होमान यांच्या कामाच्या वाटणीला नव्वद वर्षांनी जोड मिळाली. २०२२ साली डॅनिएला रोस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर झोपलेल्या पिल्लांचे चित्रण केले. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे कवच पारदर्शक असते, त्यामुळे आतल्या नळ्या थेट दिसतात. रात्री धाग्याला लटकून स्वस्थ असलेल्या पिल्लांच्या या नळ्या ठराविक अंतराने हलू लागतात आणि त्या वेळी पायही आखडतात. माणूस झोपेत स्वप्ने पाहतो तेव्हा त्याचेही डोळे असेच हलतात. कोळ्याला स्वप्न पडते असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही, पण प्रश्न विचारण्याइतका नक्कीच आहे.

कॅमेरा आणि बाटली

महाराष्ट्रातले अलीकडचे एक उदाहरण सांगू. २०२१ साली ध्रुव प्रजापती, राजेश सानप, जॉन कॅलेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती नोंदवल्या. त्यांतल्या एकीला त्यांनी आयसिअस तुकारामी हे नाव दिले. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोराला जिवंत पकडताना प्राण गमावलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. मुंबईच्या शेजारी, इतक्या दाट वस्तीच्या भागात, नाव नसलेला कोळी २०२१ पर्यंत राहून गेला होता.

अशा कामात आता कॅमेऱ्याचे स्थान मोठे आहे. जिवंत कोळ्याचे रंग, बसण्याची तऱ्हा, डोळ्यांची हालचाल हे सगळे त्यात राहते. मात्र नवी जात ठरवायला नुसता फोटो पुरत नाही. नमुना जपून ठेवावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या अवयवांचा अभ्यास करावा लागतो. टिकादरांची बाटली अजूनही लागते. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

शाळेत काय करता येईल?

यासाठी महागडा कॅमेरा हवा असे नाही. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसले भिंग मोबाईलच्या लेन्ससमोर धरले की भिंतीवरच्या कोळ्याचे समोरचे चार डोळे स्पष्ट येतात. सकाळचे ऊन पुरेसे असते. कोळी फिकट रंगाचा मिळाला तर फोटोऐवजी व्हिडिओ घ्यावा आणि डोळ्यांचा रंग केव्हा बदलतो ते पाहावे. समोर पेन्सिलीचे टोक हलवून डोळे काळे होतात का, किती वेळ तसे राहतात, याची मुलांकडून नोंद करून घ्यावी. आरसा समोर ठेवला तर काही वेळा नर स्वतःच्या प्रतिबिंबासमोर पाय उचलतो, तेही पाहण्याजोगे असते. कोळ्याला डबीत फार वेळ कोंडू नये, डोळे झाकण्याचे प्रयोग तर मुलांकडून मुळीच करवू नयेत. ज्या पानावरून उचलला तिथेच त्याला परत सोडावे.

रात्री आणखी एक गंमत करता येते. टॉर्च आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, कपाळाजवळ धरून शेताच्या बांधावर किंवा गवतावर प्रकाश टाकावा. जमिनीवर हिरवट-निळसर ठिणग्या चमकताना दिसतील. जवळ जाऊन पाहिले तर त्यांतल्या पुष्कळ ठिणग्या लांडगा-कोळ्यांचे डोळे असतात. त्यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसाच. उड्या मारणाऱ्या कोळ्यांत तो नसतो, कारण त्यांची शिकार दिवसाची. मोठ्या माणसाला सोबत घेऊन आणि पायात बूट घालूनच हे करावे, कारण बांधावर विंचू-सापही असतात.

धर्माबादच्या बाईंना आम्ही पत्र पाठवले आहे. त्यात आमचे उत्तर चुकले होते हे लिहिले आहे आणि बरोबर उत्तरही दिले आहे. दोन्ही फोटो मोठे करून सोबत पाठवले आहेत, वर्गात लावण्यासाठी. काळ्या डोळ्यांच्या फोटोखाली ‘बघत आहे’ आणि मधाळ डोळ्यांच्या फोटोखाली ‘बघत नाही’ असे त्या मुलीच्या हाताने लिहून घ्यावे, अशी विनंतीही केली आहे.